टाका दिसला पाहिजे

आदरणीय (आणि गेल्या पत्रावरून दिसतं त्याप्रमाणे अजून रागावलेल्या) वन्सं यांना,

नमस्कार. पत्रात आधी तब्येतीची चौकशी करायची असते, तर ती करून टाकते. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? (डाव्याची विचारपूस मी करत नाही. त्याने इतक्या वर्षांत कधी तक्रार केलेली नाही, आणि आपल्या घरात जो तक्रार करत नाही त्याला कोणी विचारत नाही, हे एव्हाना त्यालाही समजलं असेल.) टाचणी नीट जेवते का? कुत्र्याच्या जातीला माणसाची आठवण फार दिवस राहते असं इथल्या पुस्तकात छापलंय. पुस्तक लिहिणाऱ्याने आपली टाचणी पाहिलेली नाही. माझ्या शिलाई यंत्राला तेल घातलंत का? बॉबिनच्या खालच्या अंगाला घालायला विसरू नका, तिथे ते कुरकुरतं. मी बरी आहे. हात धुऊन धुऊन कातडी विटलेल्या कापडासारखी झाली आहे, आणि अंगाला एक वास येतो, तो नेमका कोणत्या जनावराचा यावर आमच्या वर्गात एकमत नाही. पण एकंदरीत बरी आहे.

तुमचं पत्र मिळालं. त्यात चार वाक्यं होती आणि चारही मला पाठ झाली आहेत. ‘गुडघा दुखतो. टाचणी ठीक. बटणवाल्याची मुलगी तुझ्या यंत्रावर बसायला तयार आहे. परत येणार आहेस की नाही ते सरळ लिही.’ वन्सं, सरळ लिहिणं मला कुठून जमणार? तिरकं कापलेलं कापड अंगावर जास्त छान पडतं, हे तुम्हीच मला शिकवलंत. तुमचे बंधू गेल्यावर आपण दोघींनी ते दुकान पाठीला पाठ लावून चालवलं, तुमचं यंत्र खिडकीकडे, माझं दाराकडे. आणि इतक्या वर्षांत ‘कात्री कुठे ठेवलीस’ यापेक्षा मोठा प्रश्न तुम्ही मला कधी विचारला नव्हता. त्यामुळे उत्तर देणं भाग आहे. देते. पण पत्राच्या शेवटी, कारण पत्र लिहायला बसले आहे या घडीला ते मलाच माहीत नाही. आमच्या परीक्षेचा निकाल संध्याकाळी फलकावर लागायचा आहे आणि तोवर माझ्या हाताला काहीतरी काम पाहिजे.

परीक्षा कसली, ते सांगते. या पशुवैद्यकीय महाविद्यालयाने यंदा वयाची अट काढून टाकली. काढताना खरोखर कोणी येईल असं त्यांना वाटलं नसावं. मी अर्ज घेऊन उभी राहिले तेव्हा कचेरीतल्या कारकुनाने माझ्या मागे वाकून पाहिलं, मुलगी कुठे आहे म्हणून. मग प्राचार्यांनी बोलावलं. फार सभ्य माणूस. इतका सभ्य, की आपला अपमान झालाय हे जिना उतरल्यावर समजतं. ते म्हणाले, प्रवेश परीक्षा तुम्ही उत्तम दिली आहे, आम्हाला आनंद आहे, फक्त पहिले काही आठवडे तुमचा प्रवेश कच्चा राहील. शेवटी हाताच्या कामाची परीक्षा: एक जनावर नीट हाताळून दाखवायचं आणि एक जखम नीट शिवून दाखवायची. जमलं तर प्रवेश पक्का. नाही जमलं तर घरी. बाकीच्या मुलांना दुसऱ्यांदा बसता येतं, मला येत नाही, ‘कारण या वयात तुमचा वेळ वाया घालवणं आम्हाला बरं वाटणार नाही.’ वन्सं, मी हसले. जनावराचं मला सांगता येत नव्हतं. पण शिवण्याची परीक्षा? माझी? मी त्यांना विचारणारही होते, की शिवून झाल्यावर इस्त्रीही करायची का.

इथवर मी कशी पोचले हे तुम्ही दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगता (आणि दर खेपेला त्यात मी थोडी अधिक उद्धट होत जाते), म्हणून एकदा माझ्या बाजूनेही लिहून ठेवते. टाचणी पाववाल्याच्या कुत्र्याशी भांडली, मांडी फाडून घेऊन आली, आणि समोरच्या जनावरांच्या डॉक्टरांनी ती शिवली. एवढं खरं. मी ती शिलाई पाहिली. सुटेसुटे टाके, प्रत्येकाला वेगळी गाठ, दोऱ्याची टोकं मिशांसारखी वर आलेली, दोन टाक्यांत एवढं अंतर की मधून बोट जावं. मी म्हटलं, ‘काय ही गबाळी शिलाई!’ मनात म्हणायचं होतं, पण माझं मन पहिल्यापासून तोंडाच्या फार जवळ आहे. डॉक्टर हातमोजे काढत म्हणाले, ‘बाई, एवढं समजतं तर या शिकून.’ दुसरी कोणी असती तर तणतणत घरी आली असती. मीही आले. पण तणतणताना तुमच्या भाचीचं जुनं विज्ञानाचं पुस्तक हाती लागलं, ते मी पोलक्याच्या कागदी नमुन्याखाली लपवून वाचायला लागले, आणि पुढचं तुम्हाला माहीतच आहे. (गाईला पोटाचे चार कप्पे असतात हे तुम्ही चुकून त्या थोराड बाईंच्या झग्याच्या कापडावर खडूने लिहिलेलं पाहिलंत, त्या दिवशी माझं बिंग फुटलं.) शिवाय माझंच खरं होतं याला पुरावाही होता: त्या संध्याकाळी टाचणीने त्यातले दोन टाके कुरतडून काढले. हा पुरावा मी दुकानात कितीतरी दिवस मिरवला. तो जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता इथली राहणी. वसतिगृहात मला जी खोली मिळाली तिच्यात दोन खाटा, दोन मेजं, एक खिडकी आणि एक मुलगी आहे. मुलीला मी मनातल्या मनात ‘उसवण’ म्हणते. तिच्या अंगावरचं सगळं कुठे ना कुठे उसवलेलं असतं: बाही खांद्याला, खिसा शिवणीला, पिशवी पट्ट्याला. चालताना मागे दोरे सोडत जाते. हरवली तर शोधायला अवघड जाणार नाही. पहिल्या दिवशी ती मला ‘मावशी’ म्हणाली, दुसऱ्या दिवशी ‘काकू’, आणि आता जे म्हणते ते पुढे येईलच. स्वभावाने सोन्यासारखी आहे. फक्त तिच्या मेजावर गाईची कवटी असते आणि ती त्या कवटीत बिस्किटं ठेवते. इथे प्रत्येक खोलीला अभ्यासासाठी हाडांची एक पेटी मिळते. आमच्या पेटीत हाडं अशी कोंबलेली होती, की एक काढायला गेलं की बरगड्या पायात पडत. मला बघवेना. मी जुन्या चादरीची एक लांब पिशवी शिवली, प्रत्येक हाडाला वेगळा कप्पा, आपण कात्र्यांसाठी करतो तशी, गुंडाळून बंद होणारी. उसवणीने ती वर्गात नेऊन दाखवली. झालं. शेजारच्या खोलीला पाहिजे, वरच्या मजल्याला पाहिजे, मुलांच्या वसतिगृहातून निरोप. त्यात आम्हाला पांढरे डगले दिले आहेत, ते सगळे एकाच मापाचे. जो माणूस डोळ्यांसमोर ठेवून ते बेतले तो उंट असावा. निम्मा वर्ग बाह्यांतून हात बाहेर काढण्यातच थकतो. आता रोज दुपारी माझ्या खाटेवर डगल्यांचा ढीग असतो. म्हणजे वन्सं, शिवणकाम सोडून मी इथे आले आणि इथे आल्या आल्या मला तुमच्याकडच्यापेक्षा जास्त शिवणकाम मिळालं. (त्यांच्यातल्या कोणीही ‘गुरुवारपर्यंत मिळेल ना?’ असं विचारत नाही, एवढाच काय तो फरक.)

शरीररचनेच्या तासाला एक सर आहेत, त्यांना मुलं ‘मणके सर’ म्हणतात. बोलताना ते स्वतःच्याच पाठीवर हात फिरवून मणके मोजतात आणि मध्येच कुठे चुकले तर पुन्हा मानेपासून सुरू करतात. पहिल्या दिवशी लांब मेजावर मेलेलं वासरू होतं आणि वास असा, की डोळ्यांतून पाणी. दोन उंचीपुरी मुलं भिंतीला टेकत टेकत खाली बसली. मला काही झालं नाही. मला ते वासरू दिसलंच नाही, मला दिसलं ते कापड. वर कातडं, त्याखाली पातळ अस्तर, त्याखाली जाड अस्तर, कुठे उलट धागा, कुठे सुलट. मी सरांना विचारलं, ‘सर, याची शिवण कुठे आहे?’ वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी पोटाच्या मधोमध बोट ठेवलं: तिथे छातीच्या हाडापासून खालपर्यंत पांढरी रेघ होती, दोन्हीकडचे स्नायू येऊन मिळतात ती. ‘ही. पोट उघडायचं तर इथून. रक्त कमी येतं,’ म्हणाले. वन्सं, त्या दिवशी जेवतानाही माझ्या डोळ्यांपुढे तीच रेघ होती. एवढ्या मोठ्या जनावराला एकच शिवण आणि तीही आतून, बाहेरून पत्ता नाही. कोण हा कारागीर, असं वाटलं. माझ्या मनात आणखीही एक गोष्ट आली: की आपल्याला इथे फारसं काही शिकायचं उरलेलं नाही. हे मला वाटलं, आणि लगेच गोठ्याचा तास आला.

गाईजवळ जायची एक रीत आहे. समोरून, जरा बाजूने, बोलत बोलत जायचं. हात लावण्याआधी आवाज द्यायचा. मागून एकदम जायचं नाही. (ही रीत आपल्या नातेवाइकांना कोणीतरी शिकवायला हवी होती.) मुलांना गाईशी बोलायची लाज वाटते, ती ‘हॅलो’ म्हणून गप्प बसतात. मला कसली लाज? मी दाराशी आलेल्या गिऱ्हाइकाशी बोलावं तशी बोलत गेले. ‘या, या. उंची छान आहे हो तुमची. पोटाला जरा ढिलं ठेवू, काय? बसता-उठता बरं.’ गोठ्याचे मास्तर खूश. मुलांना म्हणाले, बघा, असा शांत आवाज पाहिजे. गाईने कान पुढे केले, मान लांब केली, आणि माझ्या गळ्यातली मापाची टेप तोंडात घेतली.

होय, होती गळ्यात. सकाळी उठलं की हात आपोआप खुंटीकडे जातो आणि टेप गळ्यात येते. मी ती इथे आणली कशाला, हा प्रश्न तुम्ही विचाराल, पण तुम्ही स्वतः बहिणीच्या नातवाच्या बारशाला ती घालून गेला होतात. गाय काही चावत बसत नाही, वन्सं. ती आधी गिळते आणि मग सवडीने बसून चघळते; मधल्या वेळात आत काय गेलं याची तिला चौकशी नसते. टेप तिच्या तोंडात अशी सरकत गेली जशी रिळावर. छातीचं माप गेलं, कमरेचं गेलं, आम्ही बाहीच्या लांबीपर्यंत आलो. मास्तर ओरडले, ‘ओढा!’ मग ओरडले, ‘ओढू नका!’ मी दुसरं टोक धरून उभी, आणि गाय माझ्याकडे इतक्या प्रेमाने बघत होती की मला सोडवेना. शेवटी मास्तरांनी तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून, जिथे गाईला दात नसतात तिथून, हात घालून जबडा उघडला आणि टेप बाहेर आली. भिजलेली, हिरवी, बाहीचे आकडे पुसलेले. कपाळ पुसून मास्तर म्हणाले, ‘ही पोटात गेली असती तर ऑपरेशन होतं. माहीत आहे ना?’ मी मान हलवली. ‘परीक्षेला असं काही झालं तर मी काही करू शकणार नाही, बाई.’ तेव्हापासून मी ‘टेपकाकू’. सगळ्या कॉलेजात. प्राचार्यसुद्धा परवा ‘टे…’ म्हणाले आणि खोकले.

तरी मी म्हटलं, असू दे. जनावरात डगमगले तरी शिवण्यात मला कोण हरवणार? शिवणीच्या तासाला ज्या बाई आहेत त्यांना ‘चिमटा मॅडम’ म्हणतात, कारण त्या हातात नेहमी चिमटा धरतात आणि बोलतातही तशाच. प्रत्येकापुढे रबरी कातड्याचा एक चौकोन, त्याच्यावर उभी चीर. सुई वाकडी, चंद्रकोरीसारखी. ती बोटांनी धरायची नाही, पकडीने धरायची. मुलांच्या सुया उडत होत्या, पडत होत्या, एकाने स्वतःची बाही रबराला शिवली. मी शांतपणे काम संपवलं आणि शेवटी, सवयीने, दोरा दाताने तोडला.

मॅडम म्हणाल्या, ‘बाई, हा दोरा जनावराच्या अंगात जायचा आहे.’ मी म्हटलं, ‘मी रोज दोनदा दात घासते.’ हे मी बोलायला नको होतं. पण त्यांनी तेही सोडून दिलं आणि माझा चौकोन हातात घेतला. वन्सं, मी आतून तुरपाई घातली होती. एकच दोरा या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक टाका दिसेल तर शपथ. चीर कुठे होती तेच समजत नव्हतं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी चौकोन उजेडात धरला, उलटा केला, चष्मा लावला, चष्मा काढला. मग शांतपणे म्हणाल्या, ‘शून्य.’

मी म्हटलं, ‘काय?’

‘हा टाका काढणार कोण? आणि शोधणार कसा?’

‘काढायचा कशाला? चांगला आहे की.’

‘बाई, हे कापड नाही. उद्या हे सुजेल. तुम्ही इतकं घट्ट ओढलंय की रक्त थांबेल. आणि दोरा एकच. कुत्र्याने एका जागी दात लावला की सगळं पोट उघडं.’ त्यांनी कात्रीने मधोमध एक टाका कापला, दोन्ही बाजू चिमट्याने धरून हलकेच ओढल्या, आणि माझी ती न दिसणारी शिवण खालपर्यंत सर्रकन उघडली. ‘प्रत्येक टाका आपल्या गाठीवर उभा राहिला पाहिजे. एक गेला तरी शेजारचा राहिला पाहिजे. आणि दिसला पाहिजे.’

वन्सं, तुम्ही मला टाका लपवायला शिकवलंत. मी शिकाऊ पोरींना तेच शिकवलं. जो टाका दिसला तो चुकला, असं म्हणत मी अर्धं आयुष्य दुसऱ्यांचं काम उसवत आले. आणि तिथे उभी असताना माझ्या डोळ्यांपुढे आली ती टाचणीची मांडी. सुटे टाके. वेगळ्या गाठी. मिशांसारखी टोकं, काढताना पकडता यावीत म्हणून. मधलं अंतर, सुजायला जागा म्हणून. आणि तिने कुरतडलेले ते दोन, ज्यांच्या आजूबाजूचे सगळे टाके आपापल्या गाठीवर उभे होते आणि जखम अजिबात उघडली नव्हती. म्हणजे मी इतके दिवस जो पुरावा मिरवत होते तो… पण ते असो. समोरच्या डॉक्टरांविषयी या पत्रात मी आणखी काही लिहिणार नाही.

त्यानंतर माझी जी अवस्था झाली ती सांगायला मला लाज वाटत नाही, कारण ऐकणाऱ्या तुम्ही एकट्याच. मला वाईट शिवता येईना! रोज दुपारी डगल्यांचा ढीग बाजूला सारून मी केळ्याच्या सालींवर टाके घालत बसे आणि प्रत्येक वेळी माझा हात दोरा पुढे न्यायला बघे, टोक आत दडवायला बघे. उसवण मात्र, जिने आयुष्यात बटण लावलेलं नाही, तिने पहिल्याच दिवशी मॅडमची शाबासकी मिळवली. तिच्या टाक्यांत अंतर असतं, टोकं बाहेर असतात, ताण नसतो. म्हणजे जशी ती स्वतः आहे तसेच. मग काय, मी तिची शिष्या झाले. ती खाटेवर मांडी घालून कवटीतली बिस्किटं खात मला शिकवी. ‘टेपकाकू, थांबा. पुढे जाऊ नका. गाठ मारा.’ मी गाठ मारी. ‘आता कापा. दाताने नाही! कात्रीने. आता तो सोडून द्या, त्याच्याकडे बघूसुद्धा नका. पुढचा नवा.’ मी म्हणे, ‘अगं पण हा वाकडा दिसतोय.’ ती म्हणे, ‘कुत्रा आरशात बघणार आहे का?’ बोलायला फटकळ आहे. तुमचं आणि तिचं चांगलं जमेल.

काल परीक्षा झाली. उसवणीने सकाळीच माझी टेप जप्त केली आणि कवटीच्या जबड्यात घालून पेटी बंद केली. तरी गोठ्यापर्यंत जाताना माझा हात पुन्हा पुन्हा गळ्याकडे जात होता. आणि माझ्या वाट्याला आली तीच गाय. मी समोरून, जरा बाजूने, बोलत बोलत गेले. (‘ओळखलंत ना? मागच्या खेपेला माप राहिलं आपलं.’) तिने मान लांब केली, माझा गळा उजवीकडून हुंगला, डावीकडून हुंगला, कॉलरच्या आत नाक घालून पाहिलं, आणि काहीच नाही म्हटल्यावर असा सुस्कारा टाकला की माझ्या केसांचा अंबाडा हलला. कुत्र्यांचं मला ठाऊक नाही, पण गाईला आठवण राहते असं पुस्तकात घालायला हरकत नाही. मी दावं घातलं, खांबाला बांधलं, एका ओढीत सुटणारी गाठ मारली. जाताना मास्तरांनी आपल्या छातीवर हात ठेवून श्वास सोडला.

मग शिवण. रबरावरची चीर समोर, पकड हातात, मॅडम डोक्याशी. मी पहिला टाका घातला, गाठ मारली, कापला, सोडून दिला. दुसरा. तिसरा. शेवटच्या टाक्याला माझा हात थांबला. ते टोक असं बाहेर डोकावत होतं, वन्सं, असं निर्लज्जासारखं, की सुईने आत ढकलायला एक क्षण लागला असता. मला उसवणीचा आवाज ऐकू आला, तुमचाही ऐकू आला, दोघी उलटसुलट सांगत होतात. मी हात मागे घेतला. टोक राहू दिलं. मॅडमनी मधला एक टाका कापला आणि चिमट्याने ओढलं. शेजारच्या टाक्यांनी धरलं. मॅडमनी पुन्हा ओढलं. धरलं. त्यांनी ते खूप वेळ पाहिलं, ‘गबाळं आहे,’ म्हणाल्या, आणि पुढच्या मुलाकडे गेल्या.

आता हे चांगलं की वाईट, हे मला तेव्हापासून समजलेलं नाही. उसवण म्हणते चांगलं. पण उसवणीला पावसात भिजलेला अभ्याससुद्धा चांगलाच वाटतो. म्हणून सरळ उत्तर असं: निकालात नाव नसलं तर मी परवाच्या गाडीने येते. यंत्र झाकून ठेवा, बटणवाल्याच्या मुलीला दोन दिवस थांबायला सांगा, आणि मी आल्यावर ‘मी म्हटलंच होतं’ हे वाक्य निदान चहा होईपर्यंत बोलू नका. माझी काही तक्रार नाही. मी शांत आहे. दाराकडची माझी जागा तशी बरीच होती, रस्ता दिसायचा.

टाचणीला थोपटा, गुडघ्याला शेक द्या, आणि माझ्यावरचा राग निकालापर्यंत तरी घडी घालून कपाटात ठेवा.

तुमचीच,
वहिनी

ता. क. – फलक लागला. नाव आहे. मी स्वतः पाहिलं, मग उसवणीने पाहिलं, मग मी पुन्हा जाऊन पाहिलं. तेव्हा वर लिहिलेलं ‘सरळ उत्तर’ खोडून समजा. बटणवाल्याच्या मुलीला उद्याच बसवा. तिला पायपट्टीची लय सांभाळायला शिकवा, यंत्र मनस्वी आहे. माझी मोठी कात्री तिला देऊ नका. आणि पहिल्याच दिवशी सांगा, की दोऱ्याला दात लावायचा नाही. का, असं विचारलं तर म्हणावं, आमच्या डॉक्टरीणबाईंचा हुकूम आहे.

ता. क. दुसरा – हे पत्र खरं म्हणजे ज्यासाठी लिहिलं ते वर राहूनच गेलं. इथला नियम असा, की पहिल्या सुट्टीत प्रत्येकाने एखाद्या जनावरांच्या डॉक्टरांच्या हाताखाली काम करायचं आणि त्यांनी आधी हो म्हटलं पाहिजे. आपल्या दारासमोर एकच डॉक्टर आहेत. ते हो म्हणाले तर सगळी सुट्टी मी तिथे, म्हणजे दिवसा समोर आणि जेवायला, झोपायला, भांडायला तुमच्याकडे. (दाराकडच्या जागेवर ती मुलगी असेल, मला एक स्टूल पुरेल, टाचणीच्या बाजूला.) मी लिहिलं तर ते पाकीटसुद्धा फोडणार नाहीत. तुम्ही जाल का? गुडघा सांभाळून. मी निघायच्या आधी त्यांच्या डगल्याचा डावा खांदा उतरलेला मी पाहिला आहे. ‘नीट करून देते’ म्हटलंत तर ते नाही म्हणणार नाहीत. टाचणीलाही घेऊन जा, तिच्या मांडीवर आता केस आलेत. शिलाईविषयी मात्र अवाक्षर काढू नका. मी काही माझे शब्द मागे घेत नाही. शेवटची गाठ जरा सैल होतीच.

ता. क. तिसरा – सोबत तुमच्या उजव्या गुडघ्यासाठी पट्टा शिवून पाठवते आहे. नमुना वासराच्या गुडघ्याचा आहे, माप तुमचं आहे. उलटं समजून रागावू नका. पत्र आणि पट्टा कापडात गुंडाळून मी पुडकं शिवून बंद करते आहे. तुम्ही हे वाचत आहात त्या अर्थी ते उघडलंय. पण मी तुम्हाला ओळखते, आधी एकच टाका कापून तुम्ही ओढून पाहिलं असणार, ते उघडलं नसणार, मग आणखी एक, आणि मग ‘काय ही गबाळी शिलाई!’ असं म्हणून कडेने हात घालून पत्र ओढून काढलं असणार. म्हणजे बाकीचे टाके अजून शाबूत आहेत. ते कापू नका. कापड तसंच डॉक्टरांकडे घेऊन जा आणि न बोलता त्यांच्या मेजावर ठेवा. ते चष्मा लावून बघतील. बघून त्यांनी तुमचंच वाक्य म्हटलं, तर समजा काम झालं.